भगिनी मंडळाचा नवा सेट

७ सप्टेंबर, रविवार. सकाळ.

काल गणपती गेले. घर रिकामं रिकामं वाटतंय, म्हणून वही काढली. सेक्टर तीसच्या लॅबमध्ये होतो तोवर रोज लॉगबुक लिहायचो. निवृत्त झाल्यापासून लिहिण्यासारखं काही घडलंच नाही. आता घडणार आहे, कारण आता मी लक्ष घालणार आहे.

सह्याद्री भगिनी मंडळाचं घर धोक्यात आहे. सेक्टर एकवीसमधलं बैठं घर. उघड्या विटा, सिमेंटची जाळी, मागे स्वयंपाकघर. हे चंदीगड शहर उभारायला जे मराठी इंजिनियर आले, त्यांच्या बायकांनी बांधून घेतलेलं. आता जागेची लीज संपतेय. नोव्हेंबरमध्ये एक समिती बघायला येणार. जपण्याजोग्या वास्तूंच्या यादीत नाव लागलं तर घर मंडळाकडे राहील. नाही लागलं तर गेलं.

मंडळात निम्म्याहून जास्त बायका बदलीवर आलेल्या. तीन वर्षं राहणार, जाणार. पक्क्या अशा दोनच. अध्यक्ष पद्मजाताई बेलसरे (कै. कर्नल बेलसऱ्यांच्या पत्नी) आणि आमची सुमेधा. दोघींना बांधकामातलं ओ की ठो कळत नाही. तेव्हा मोहीम मी हाती घेतोय. सुमेधाला तसं सांगितलं. म्हणाली, बघा काय ते, पण आधी मखर माळ्यावर टाका.

मखर उद्या टाकतो.

८ सप्टेंबर

मास्टर प्लॅन तयार. पाच मुद्दे: छत, ओल, कबुतरं, प्रेझेंटेशन आणि एकंदर लूक. नोव्हेंबरपर्यंत सहज होईल. खरं तर ऑक्टोबरमध्येच होईल, मग काय करायचं हा प्रश्न आहे.

मखर राहिलं.

११ सप्टेंबर

मंडळाच्या सभेला गेलो. मानद सल्लागार म्हणून. नेमणूक अशी कुणी केलेली नाही, पण गरजच पडली नाही. पद्मजाताई म्हणाल्या, टिपणीस, तुम्ही दाराशी बसा, तिथे वारा चांगला येतो. दाराची जागा मोक्याची असते. तिथून सगळ्या सभेवर नजर राहते. ऐकू मात्र कमी येतं.

सभेत घराबद्दल चकार शब्द नाही. सगळा वेळ डब्यावर. मंडळाची ही जुनी प्रथा आहे. बदलीवर नवं मराठी कुटुंब आलं, की त्यांचा सामानाचा ट्रक येऊन शेगडी पेटेपर्यंत दोन्ही वेळचं जेवण मंडळाकडून. आणि जी बाई बदलून जाते, ती निघताना आपल्या संसारातलं एक भांडं मंडळाला ठेवून जाते. नाव घातलेलं. सौ. कुमुदिनी, मिरज, १९६९. सौ. शकुंतला, खामगाव. अशी साठेक वर्षांची जत्रा स्वयंपाकघरातल्या कपाटात भरलीय. एक ताट दुसऱ्यासारखं नाही. पातेल्यांना पोचे. पेले तिरके. डबा याच भांड्यांतून जातो, आणि परत येताना बायका त्यात साखर घालून पाठवतात.

ऑगस्टमध्ये ऋचाचा डबा मीच पोचवला होता. हवाई दलातल्या ऑफिसरची बायको. जोरहाटहून आलेली, चेहरा उतरलेला. पातेल्यावर मिरजेच्या बाईंचं नाव वाचलं आणि दारातच रडायला लागली. हीही मिरजेची. मी तिला म्हटलं, अगं आमटी गार होतेय. फार भावनिक मुलगी.

सभेत म्हणालो की डबे जरा थांबवा, आधी वास्तू वाचवा. पद्मजाताई म्हणाल्या, बरं हं. आणि मोहालीच्या डब्याला कोण जाणार ते ठरवायला लागल्या.

२० सप्टेंबर

ओल मोजणं सुरू. स्वयंपाकघरात छताला सेन्सर लावला. जुन्या लॅबमधून मागून आणला. मोजल्याशिवाय दुरुस्ती करणं हा अडाणीपणा आहे, हे मी पूर्वीच्या बैठकांत सांगत आलोय.

संध्याकाळ. सेन्सर कढीत पडला. शेवटचं रीडिंग शंभर टक्के. कढी फेकून द्यावी लागली आणि बायकांनी पुन्हा केली. दोष सेन्सरचा नाही. त्याला चिकटवणाऱ्या टेपचा आहे. टेप सुमेधाने दिली होती.

२८ सप्टेंबर

छतावर स्वतः डांबर टाकलं. मग पाइपने पाणी सोडून टेस्ट घेतली. गळती पूर्वी कोपऱ्यात होती, आता बरोबर अध्यक्षांच्या खुर्चीवर आहे. म्हणजे गळती हलवता येते. हे यशच आहे. पद्मजाताईंना हे समजावून सांगितलं. त्यांनी खुर्ची हलवली.

५ ऑक्टोबर

कबुतरांसाठी प्लास्टिकचं घुबड आणून गच्चीच्या कठड्यावर बसवलं. दुपारी एक कबूतर घुबडाच्या डोक्यावर बसलेलं. चार वाजता दोन.

लेकीला सांगितलं. जाई इथेच वाढली, मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीत. म्हणाली, पापा, छोड़ दो ना यार, आंटी लोग कर लेंगी. तिला काय ठाऊक. आंटी लोगांना प्रेझेंटेशनचं पीपीटी म्हणजे काय इथपासून सांगावं लागेल. माझ्या चौऱ्यांशी स्लाइड झाल्यात. छत आणि ओल एवढंच झालंय अजून.

९ ऑक्टोबर

घात झाला. समितीच्या ग्रेवाल मॅडम आज आगाऊ न कळवता येऊन गेल्या, आणि मी नेमका छतावर! शिडी उतरून खाली येईस्तोवर गाडी निघालीसुद्धा.

रात्री जेवताना सुमेधा सांगत होती. मॅडम तासभर स्वयंपाकघरातच होत्या. कपाट उघडून एकेक भांडं हातात घेऊन बघत होत्या. तासभर पोचे बघितले बाईंनी! त्यांची काय समजूत झाली असेल मंडळाबद्दल? सुमेधा पुढे खूप काही सांगत होती, मोठ्या उत्साहाने, पण माझं लक्ष लागेना. मी मनात हिशेब करत होतो. छत कधी होईल ते होईल, पण पाचवा मुद्दा, एकंदर लूक, आता एक नंबरवर घेतला पाहिजे.

ती म्हणाली, ऐकताय ना? मी म्हटलं, शब्दन्‌शब्द.

१३ ऑक्टोबर

मार्ग सापडला. इतका सोपा की लाजच वाटावी. आपल्याकडे धनत्रयोदशीला धणे-बत्तासे ठेवून पूजा, पण इकडे भांड्यांच्या दुकानांवर झुंबड. शिवाय एक्सचेंज ऑफर! जुनी मोडीत द्या, नवी घेऊन जा. भांड्यांचे व्यापारी गुप्ताजी माझ्या ओळखीचे आहेत, मॉर्निंग वॉकला भेटतात. एकसारखी ताटं, वाट्या, पेले, झाकणाचे डबे, सगळं मिरर फिनिश. वर लेझरने नाव. स्टँडर्डायझेशन! आयुष्यभर लॅबमध्ये हेच केलं. दहा उपकरणं दहा तऱ्हेची असली तर ती उपकरणंच नाहीत, तो बाजार.

बायकांना आत्ताच सांगत नाही. सरप्राइज.

१८ ऑक्टोबर, धनत्रयोदशी

फत्ते!

बायका सगळ्या सेक्टर सतराच्या फराळाच्या स्टॉलवर. किल्ली माझ्याकडे, वाळवीच्या औषधासाठी म्हणून घेतली होती. औषध राहिलं. टेम्पो बोलावला. कपाट पूर्ण रिकामं केलं. माझीच कंबर धरली, पण चांगल्या कामाला कंबर धरतेच. गुप्ताजींच्या माणसाने भराभर तराजूवर टाकली. एका परातीवरचं नाव वाचून विचारलं की अंकलजी, ये नाम किसके हैं. मी म्हटलं, जो चले गए.

नवा सेट काय दिसतो! प्रत्येक भांड्यावर मराठीत: सह्याद्री भगिनी मंडळ, चंदीगड. खाली छोट्या अक्षरांत: सौजन्य, श्री. विलास टिपणीस, निवृत्त वैज्ञानिक. मी नको म्हणत होतो, पण गुप्ताजींचा मुलगा म्हणाला, अंकलजी, जगह बची है. जागा फुकट घालवणं माझ्या स्वभावात नाही.

कपाटात लावून ठेवला. दिवाळी झाल्यावर कपाट उघडतील तेव्हा बघा म्हणावं.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

कुणाला काही बोललो नाही. फार जड जातंय. सुमेधाने दोनदा विचारलं की एवढे खुशीत का आहात. म्हटलं, दिवाळी आहे.

२७ ऑक्टोबर, सोमवार

आज उघडलं.

मोहालीपलीकडच्या खरड गावी एक कुटुंब आलंय, लातूरकडचं. नवरा तिकडच्या एका कॉलेजात लागलाय. डबा पाठवायचा होता. पद्मजाताई, सुमेधा, ऋचा आणि आणखी दोघीतिघी. मी दाराशी, मोबाइल काढून, व्हिडिओ घ्यायला. पद्मजाताईंनी कपाट उघडलं.

इतका परिणाम मलाही अपेक्षित नव्हता. पद्मजाताई हळूच स्टुलावर बसल्या. ऋचाने एक ताट काढलं, वाचलं, मागे उलटं करून बघितलं, आणि रडायला लागली. सांगितलं ना, भावनिक मुलगी. मी म्हणालो, आभार वगैरे काही नको, हे माझं कर्तव्यच होतं. पद्मजाताईंनी विचारलं, जुनी कुठे आहेत? मी म्हटलं, मोडीत. त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं. त्यांना हल्ली कमी ऐकू येत असावं.

मग त्या उठल्या आणि म्हणाल्या, चला, भात लावा, ती मंडळी वाट बघत असतील. डबा नव्या सेटमधून गेला. सुमेधाने माझ्याकडे बघितलंही नाही. आनंदाने ती अशीच गप्प होते.

एक मात्र खटकलं. व्हिडिओ मी बघितला. सगळ्या पाठमोऱ्या आहेत.

२८ ऑक्टोबर

सुमेधा बोलली. सकाळी, चहा झाल्यावर, एका दमात. ग्रेवाल मॅडमनी घर बघून नाक मुरडलं होतं म्हणे. अशी विटांची घरं या शहरात पुष्कळ आहेत, म्हणाल्या. मग कपाट उघडलं. मग सगळं ऐकलं. आणि जाताना म्हणाल्या की मी समितीत भांडेन ते या भांड्यांसाठी. घराला नाव मिळेल ते या प्रथेमुळे. फक्त आहे तसं ठेवा, घासून चकचकीतसुद्धा करू नका. साठ वर्षांतल्या एवढ्या बायकांची आठवण एका कपाटात, असं मी कुठे बघितलं नाही.

मी म्हटलं, हे मला आधी का नाही सांगितलंस? ती म्हणाली, सांगितलं. जेवताना. तुम्ही म्हणालात शब्दन्‌शब्द.

आठवत नाही. पण ती जेवताना फार भराभर बोलते.

जाईसुद्धा चिडली. बाबा, तुम्ही हे काय केलंत, असं म्हणाली. स्वच्छ मराठीत. मुलीचं मराठी सुधारतंय.

असो. घाबरण्यासारखं काही नाही. दहा दिवसांपूर्वी दिलेली भांडी दहा दिवसांत कुठे जाणार? एक फोन करायचा.

२८ ऑक्टोबर, दुपार

गुप्ताजी म्हणतात, धनत्रयोदशीचा सगळा माल दुसऱ्या दिवशीच मंडी गोबिंदगडला गेला. भट्टीवाल्यांकडे. मी विचारलं, परत मिळेल? ते म्हणाले, सर, आप तो साइंटिस्ट हो.

या उत्तराचा अर्थ काय?

३० ऑक्टोबर

पहाटे सेक्टर त्रेचाळीसच्या स्टँडवरून बस. सोबत सुमेधाला म्हटलं चल. ती म्हणाली, मला डबा आहे. एकटाच गेलो. दोन मोठ्या पिशव्या आणि एक दोरी घेऊन. हिशेब असा केला होता की मोठी पातेली दोरीत ओवून आणू.

गोबिंदगडला भंगाराचे ढीग आहेत म्हणजे डोंगर आहेत. गेटवरच्या सरदारजींना मी माझा पूर्वीचा हुद्दा सांगितला. ते फार सज्जन. चहा दिला. मग विचारलं, कौन से बर्तन. मी म्हटलं, जिनपे नाम लिखा है. त्यांनी ढिगाकडे हात केला आणि म्हणाले, बाऊजी, नाम तो सबपे होता है.

खरंच होतं. मी दुपारभर चाळत होतो. पंजाबीत, हिंदीत, उर्दूत. बलवंत कौर. विद्यावती. कुणाकुणाच्या लग्नात आलेली, कुणाच्या नवऱ्याने दिलेली. आपलं एकही नाही. मिरज नाही, खामगाव नाही. उन्हात बसलो थोडा वेळ. सरदारजी येऊन म्हणाले, घरवाली के थे? मी म्हटलं, नहीं. मग हो म्हटलं.

निघताना एक झाकण सापडलं. त्यावर मराठीत काहीतरी होतं, 'सौ.' पुढचं घासून गेलेलं. आपलंच असणार. घेऊन आलो. पद्मजाताईंना दिलं. त्यांनी पदराने पुसलं, चष्मा लावून बघितलं, आणि म्हणाल्या, आपलं नाही हो हे, पण ठेवते.

कुणी रागावत नाही मला. रागवा म्हणावं एकदा. मी उत्तरं तयार करून ठेवलीत.

४ नोव्हेंबर

हातपाय गाळून चालणार नाही. प्रश्न तांत्रिक आहे आणि उत्तरही तांत्रिक असणार. समितीला भांडी हवीत ना? जुनी, नाव घातलेली, पोचे आलेली? बनवू.

भंगारवाल्याकडून जुनी पातेली आणली. नाव घालायचं छोटं यंत्र आणलं. गॅरेजमध्ये वर्कशॉप लावलं. पोचे हातोडीने. पहिले पोचे फारच एकसारखे आले, म्हणून डोळे मिटून मारायला लागलो. एक बोटावर बसला. पण पातेलं काय अस्सल दिसतंय! सौ. कुमुदिनी, मिरज, १९६९ हुबेहूब उतरलं. खामगावच्या शकुंतलाबाईही झाल्या. पुढची नावं आठवेनात. मग सुचेल तशी घातली. सौ. सरस्वती, जालना. सौ. पार्वती, परभणी. अशा कुणीतरी असतीलच.

समितीला कळणारही नाही. मलाच कळत नाहीये.

५ नोव्हेंबर

सुमेधा गॅरेजमध्ये आली. बोटाला पट्टी बांधायला आली असं मला वाटलं. तिने सगळी भांडी एकेक करून वाचली. परभणीच्या पार्वतीबाईंपाशी थांबली. म्हणाली, या कोण? मी म्हटलं, प्रातिनिधिक. ती म्हणाली, अहो, कुमुदिनीबाई जाताना इथे ओक्साबोक्शी रडल्या होत्या म्हणे, त्यांच्या पोराची शाळा सुटली म्हणून. तुमच्या पार्वतीबाई कशाला रडल्या?

तिने हातोडी उचलली आणि आत घेऊन गेली. स्वयंपाकघरात लपवली असणार, मला सापडत नाहीये.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

समिती आली. ग्रेवाल मॅडम आणि दोन जण. मॅडमचे केस पांढरे, खादीची कुर्ती, चालताना काठी. मी सूट घातला होता.

प्रेझेंटेशन मी लावलं. तिसऱ्या स्लाइडला लाइट गेली. जनरेटर नाही. ग्रेवाल मॅडम म्हणाल्या, कोई बात नहीं, मुझे तो अलमारी देखनी है. इन दोनों को भी दिखानी है.

पद्मजाताईंनी स्वतः कपाट उघडलं. आत सगळं चकचकीत. मॅडमनी वरचा खण बघितला, खालचा बघितला. विचारलं, वो सब कहाँ है? मी घसा खाकरला. खरं सांगतो, मी बोलणारच होतो. पण पद्मजाताई आधी बोलल्या. म्हणाल्या, गलती से चला गया. हमसे हुआ. माझं नावसुद्धा घेतलं नाही. हमसे, म्हणाल्या. सगळ्या बायका मागे उभ्या, कुणी मान वर केली नाही.

मॅडमनी एक ताट काढलं. नाव वाचलं, हळूहळू, देवनागरी त्यांना येतं. मग माझ्याकडे बघितलं, सुटाकडे बघितलं, आणि म्हणाल्या, बहुत चमकता है.

जाताना पद्मजाताईंचा हात हातात घेऊन उभ्या होत्या दारात. दोघीच काहीतरी बोलल्या. मी दाराशीच होतो, पण ऐकू आलं नाही.

मला वाटतं, इम्प्रेशन फार वाईट पडलं नसावं. 'चमकता है' म्हणजे तसं कौतुकच.

१२ डिसेंबर

नाव लागलं नाही. ग्रेवाल मॅडमनी स्वतः फोन करून पद्मजाताईंना सांगितलं. मी लढले असते, म्हणाल्या, पण कशावर लढू? लीज वाढणार नाही. वर्ष संपायच्या आत रिकामं करायचं.

मी ताबडतोब अपील तयार करायला घेतलं. चौऱ्यांशी स्लाइड आहेतच. सुमेधा म्हणाली, नको. मी म्हटलं, निदान प्रयत्न तरी. ती म्हणाली, पाया पडते तुमच्या, नको.

अडतीस वर्षांच्या संसारात ती असं पहिल्यांदाच म्हणाली.

२८ डिसेंबर, रविवार

घर रिकामं केलं. धुकं इतकं की गेटवरून दार दिसत नव्हतं. बायकांनी सतरंज्या, शेगडी, हंडे, गणपतीचा चौरंग बाहेर काढला. मी मदतीला होतो. पद्मजाताई म्हणाल्या, टिपणीस, तुम्ही टेम्पोपाशी उभे राहा, लक्ष ठेवा. राहिलो उभा. थंडीत काय चोरीला जाणार होतं कुणास ठाऊक, पण राहिलो.

शेवटी पद्मजाताईंनी दाराला हळदकुंकू लावलं. ऋचा मागे उभी होती. तिची बदली आलीय, वर्षही न होता, जूनमध्ये जाणार. म्हणाली, मी जाताना भांडं कुठे ठेवू?

नवा सेट टेम्पोत सर्वांत शेवटी चढला. पद्मजाताई म्हणाल्या, हा टिपणिसांच्या घरी उतरवा. मी म्हटलं, अहो, मंडळाचा आहे. त्या म्हणाल्या, नाव तुमचं आहे त्यावर.

गच्चीवर घुबड राहिलं. आणायचं विसरलो. कबुतरांना सवय झाली होती त्याची.

२ जानेवारी

नववर्षाचा संकल्प: यापुढे मंडळाच्या कामात ढवळाढवळ नाही. फक्त सल्ला. तोही विचारला तर.

अजून कुणी विचारला नाही.

९ जानेवारी, शुक्रवार

मंडळ आता आमच्या हॉलमध्ये भरतं. डबा आमच्या स्वयंपाकघरातून जातो. सभा असते तेव्हा मी आतल्या खोलीत, दार लावून. माझ्याच घरात! पण तक्रार नाही. खोलीत हीटर आहे.

आज नवं कुटुंब आलं, सनी एन्क्लेव्हमध्ये, खरडच्या अलीकडे. धुक्यातच सुमेधा आणि ऋचा डबा घेऊन गेल्या. कालपासून बायका घरोघरीची भांडी आणत होत्या. प्रत्येकीने आपापल्या संसारातलं एक. पुन्हा सुरू करायचं म्हणे, पहिल्यापासून. पद्मजाताईंनी लग्नातली कळशी दिली. कपाट नाही, म्हणून आमच्या शोकेसमध्ये ठेवलीत. माझी सन्मानचिन्हं पलंगाखाली गेली.

दुपारी जेवायला बसलो तर पुढ्यात नव्या सेटमधलं ताट. म्हटलं, माझं ताट कुठाय? मी एकाच ताटात जेवतो, सगळ्यांना माहीत आहे. मुंजीत आजोळहून आलेलं. काठावर चि. विलास असं घातलंय, सोनाराच्या हातचं. सातारा, दिल्ली, चंदीगड, सगळीकडे बरोबर आलं. एका बाजूला जरासं खोल झालंय, तिथे मी आमटी ओढतो.

सुमेधा म्हणाली, डब्याबरोबर गेलं. आपल्या घरचं एक द्यायचं होतं ना.

मी म्हटलं, अगं पण ते माझं! परत कधी येईल? ती म्हणाली, परत कशाला येईल, आता ते मंडळाचं. आज या बाईकडे, उद्या दुसरीकडे.

ताट माझं, आणि मला विचारलंही नाही. रागाने बोलायला तोंड उघडलं, तर पुढ्यातल्या ताटावर माझंच 'सौजन्य' दिसलं. मग नुसतं विचारलं, त्या बाई काय म्हणाल्या?

सुमेधा म्हणाली, काही नाही, त्यांनी काठावरचं नाव वाचलं. म्हणाल्या, हे विलास कोण? आता कुठे असतात?

मी म्हटलं, मग तू काय सांगितलंस?

सांगितलं, म्हणाली, बदली झाली त्यांची. आणि तिने मला भात वाढला.